सांताच्या पांढऱ्या झालरीत लाल शाई फुटते, तेव्हा

दरवर्षी डिसेंबर लागला की माझ्या टेबलावर तेच घडायचं. सांताचा अंगरखा लाल रंगवून झाला, टोपीची आणि बाह्यांची झालर पांढरीशुभ्र राहिली, काळ्या रेघेबाहेर एक ठिपकाही गेला नाही. समाधानाने कार्ड बाजूला ठेवायचं, पुढचं ओढायचं. तिसरं कार्ड अर्ध्यावर येईपर्यंत सहज पहिल्याकडे नजर जावी, तर झालरीत गुलाबी धुकं उतरलेलं. रेघ जिथल्या तिथे, पण लाल रंग तिच्याखालून पलीकडे गेलेला.

शाळेच्या वहीत शाई फुटायची, तसंच हे. वहीचं पान उलटून पुढे जाता यायचं. कार्डावर मात्र तोवर तासभराची मेहनत झालेली असते. अल्कोहोल मार्करने ख्रिसमस कार्डं रंगवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची या दुखण्याशी गाठ पडते, कारण या सणाची चित्रंच तशी आहेत. गडद लाल, आणि त्याला अगदी खेटून पांढरं. सांताची टोपी, टांगलेले मोजे, पट्ट्यांची कँडी केन, बर्फातली लाल फळं. निळ्या आकाशाशेजारी जांभळट डोंगर असता, तर फुटलेला रंग कुणाच्या लक्षातही आला नसता.

या एका दोषापायी माझे तीन डिसेंबर गेले. कागद बदलला, रेघेचं पेन बदललं, मार्करही बदलून पाहिले. प्रत्येक बदलाने थोडं सुधारायचं आणि चार कार्डांनंतर पुन्हा तेच. खरं कारण सापडलं ते मी कधी शोधलंच नव्हतं अशा जागी. तिथवर येते, पण आधी साधी कारणं तपासून बाजूला काढणं गरजेचं आहे, कारण तुमच्याकडे कदाचित त्यातलंच एखादं असेल.

मुळात होतं काय

अल्कोहोल मार्करच्या शाईत रंगद्रव्य इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळलेलं असतं. पोस्टर कलरसारखे रंगाचे कण कागदावर बसत नाहीत. रंग द्रावणासोबत कागदाच्या तंतूंमधून चालत जातो आणि अल्कोहोल उडून गेलं की जिथे पोहोचला असेल तिथे थांबतो. म्हणजे तुम्ही पेन उचललंत म्हणून रंग थांबत नाही. कागदात ओल आहे तोवर त्याचा प्रवास चालूच असतो.

त्यात अल्कोहोलची आणखी एक खोड आहे. पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त असतो, म्हणून पाण्याचा थेंब कागदावर क्षणभर तरी फुगून बसतो. अल्कोहोल बसत नाही, लगेच पसरतं. कागद बनवताना पाणी चटकन शोषलं जाऊ नये म्हणून त्यात जे सायझिंग घालतात, त्याला अल्कोहोल फारसं जुमानत नाही. जलरंगाचा उत्तम, जाडजूड कागद मार्करसमोर स्पंजासारखा वागतो तो याचमुळे. जलरंगात हात बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला.

आणि मार्करचं टोक म्हणजे एक वातच आहे. कागदाला टेकलेलं असेपर्यंत शाई खाली उतरत राहते. कोपऱ्यात "एवढं नीट भरू दे" म्हणून आपण टोक टेकवून ठेवतो, तेव्हा हात स्थिर असला तरी शाई ओतली जात असते.

ठिपक्यांची परीक्षा

नवीन काही विकत घेण्याआधी हे करा. कार्डासाठी वापरता त्याच कागदाचा एक तुकडा घ्या. ज्या लाल मार्करने फुटतंय तोच घ्या. टोक कागदाला टेकवा आणि मनात एक मोजून उचला. शेजारी दुसरा ठिपका, दोन मोजून. मग तीन, मग पाच. तुकड्याच्या दुसऱ्या बाजूवरही जागा बदलून तसेच चार ठिपके द्या, कारण काही कागदांच्या दोन बाजू वेगळ्या वागतात. आता पेन्सिलने प्रत्येक ठिपक्याची कड हलकेच खुणा करून ठेवा आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा.

परत येऊन बघाल तेव्हा ठिपका पेन्सिलीच्या खुणेपलीकडे गेलेला दिसेल. किती गेला, ते तुमच्या कागदाचं आणि तुमच्या मार्करचं अंतर. माझ्या नेहमीच्या कार्डस्टॉकवर, म्हणजे कार्डाच्या जाड कागदावर, एक मोजलेला ठिपका जेमतेम केसभर सरकतो. पाच मोजलेला जवळजवळ दोन मिलिमीटर. मी चित्राची रेघ ज्या शिक्क्याने उमटवते, त्यात सांताच्या मनगटाची झालर तीन मिलिमीटर रुंद आहे. हिशोब तिथेच लागतो.

पण अंतराइतकीच कड महत्त्वाची. भिंग असेल तर घ्या. ठिपक्याची कड गोल आणि सलग असेल, तर कागद ठीक आहे आणि तुम्ही शाई जास्त देताय. कडेला बारीक केसांसारखे फाटे फुटले असतील, कोळ्याच्या पायांसारखे, तर कागदाचे तंतू सैल आहेत आणि कितीही हळुवार रंगवलंत तरी तो कागद साथ देणार नाही. ठिपका पसरलाच नाही, वर चकचकीत थारोळं होऊन बसला आणि बोट लावल्यावर पुसला गेला, तर कागदावर लेप आहे; त्यावर शाई आत शिरत नाही, फुटत नाही, पण एकजीवही होत नाही.

यानंतर त्याच तुकड्यावर तुमच्या नेहमीच्या काळ्या शाईची एक रेघ काढा, पूर्ण वाळू द्या, आणि तिच्यावरून लाल मार्कर आडवा न्या. लालात काळपट शेपटी ओढली गेली, तर दोष रेघेचा. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा इलाज सोपा आहे.

कागद

लोक जीएसएम विचारतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तंतू किती घट्ट बसलेत आणि पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे, हे त्यावरून कळत नाही. मी ३०० जीएसएमचा खरखरीत कागद वापरून पाहिलाय, त्यावर शाई अक्षरशः धावत सुटली. तरी वजनाला अर्थ आहेच. प्रिंटरचा साधा ७५-८० जीएसएम कागद शाईचा एक थर दिला की तुडुंब होतो आणि उरलेली शाई आडवी पसरते. जाड कागदाला शाई खाली शोषायला जागा असते, म्हणून ती बाजूला कमी जाते. साधारण २०० ते ३०० जीएसएमचा, गुळगुळीत, लेप नसलेला पांढरा कार्डस्टॉक हवा. नीना कंपनीचा क्लासिक क्रेस्ट सोलर व्हाइट कागद मार्करवाल्यांमध्ये आवडता आहे तो याच गुणांमुळे. त्याचा ८० पौंडी प्रकार साधारण २१६ जीएसएमचा भरतो. ब्रिस्टल बोर्ड हा चित्रकामाचा जाड कागदही चालतो, पण गुळगुळीत. मार्कर पॅड म्हणून मिळणारा पातळ कागद सरावाला सुरेख, शाई वरच राहते, पण कार्डाला तो फार लेचापेचा.

घडी घातलेल्या कार्डावर थेट कधीच रंगवू नका. अल्कोहोल शाई पाठीमागे उमटणारच, चांगल्या कागदावरही. पाठीवर रंग आला म्हणजे शाई कागदात नीट भिनली. चित्र वेगळ्या तुकड्यावर रंगवा, कापा आणि मग कार्डावर चिकटवा. यात आणखी एक सोय आहे: शाई फुटली तर चित्र जातं, कार्ड नाही. रंगवताना खाली टाकाऊ कार्डस्टॉकचा तुकडा ठेवा. कागद थेट काचेवर किंवा प्लास्टिकवर ठेवलात, तर पाठीमागून आलेली शाई खाली जाऊ शकत नाही, तिथेच साठते आणि बाजूला सरकते. हे माझ्या बरंच उशिरा लक्षात आलं.

रेघेची शाई

काळी रेघ म्हणजे बांध, असा आपला समज असतो. शिक्क्याने उमटवलेली किंवा पेनाने काढलेली रेघ कागदाच्या वरच्या थरात असते, लाल शाई आतून जाते. रेघ कितीही जाड असली तरी ती रंग अडवत नाही, फार तर फुटलेला रंग झाकते. हे एकदा मनात पक्कं बसलं की रंगवायची पद्धतच बदलते.

रेघ स्वतः फुटत असेल तर शाई बदलायची. अल्कोहोल मार्करखाली पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई चालते. मेमेंटोचं टक्सीडो ब्लॅक स्टॅम्प पॅड याच कामासाठी सर्वांच्या परिचयाचं आहे. प्लास्टिक-काचेवर उमटावी म्हणून बनवलेल्या सॉल्व्हंट शाईचे पॅड इथे नकोत, त्या शाईला अल्कोहोल विरघळवतं. पिगमेंट शाई, म्हणजे न विरघळलेल्या रंगकणांची, सावकाश वाळते आणि तिचे ठसे फासले जातात. पेनाने काढायचं असेल तर पिग्मा मायक्रॉनसारखं पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या, पण रेघ पूर्ण वाळेपर्यंत थांबा. चित्र प्रिंट करून घेणाऱ्यांनी लेझर प्रिंट आधी तपासून घ्यावी, टोनर अल्कोहोलने सुटला तर लाल अंगरखा राखाडी होतो. इंकजेटची प्रिंट तासभर वाळवून मग चालते. तरी आधी कोपऱ्यावर बघा.

पेन्सिलीच्या खुणा रंगवण्याआधी खोडा. वरून शाई गेली की त्या खोडरबराला दाद देत नाहीत.

हात, आणि लालाची तीन रूपं

आता मुख्य भाग. कागद चांगला, रेघ पक्की, तरीही फुटतंय, अशी तुमची तक्रार असेल तर उरते ती शाईची मात्रा आणि क्रम.

रेघेला टेकू नका. ठिपक्यांच्या परीक्षेत जे अंतर मिळालं तेवढं अलीकडे थांबा आणि रंगाला स्वतःहून रेघेपर्यंत येऊ द्या. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं. अंगरखा आणि झालर यांच्यात पांढरी फट राहिलेली दिसते आणि हात शिवशिवतो. अर्धा मिनिट थांबा. फट स्वतःच भरते. नाहीच भरली तर टोकाने एक हलका स्पर्श पुरतो. नवीन रिफिल भरलेला मार्कर तर चित्रावर थेट न्यायचाच नाही. आधी टाकाऊ कागदावर पाच-सहा रेघा ओढून जास्तीची शाई काढून टाकायची.

सांताच्या अंगरख्याला मी कॉपिकचे आर२४, आर२७ आणि आर२९ वापरते. १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या या मार्करांची क्रमांक देण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती इतर मार्कर निवडतानाही डोक्यात राहते. अक्षर रंगाचं कूळ सांगतं. पहिला अंक रंग किती चोख किंवा किती राखाडीकडे झुकलेला ते सांगतो, शून्य चोख आणि नऊ मळकट. शेवटचा अंक फिका की गडद ते. आर२४, २७, २९ यांचा पहिला अंक सारखा, म्हणून ते एकाच घरचे आहेत आणि एकमेकांत सहज मिसळतात; फक्त गडद होत जातात.

पण ही मिसळणीच इथे घात करते. ब्लेंड करायची नेहमीची रीत अशी: फिका थर, त्यावर सावलीच्या जागी मधला, त्यावर गडद, मग पुन्हा मधला, पुन्हा फिका, कडा विरघळेपर्यंत. म्हणजे एकाच जागी पाच वेळा ओल. प्रत्येक ओलीबरोबर आधीचा वाळलेला रंगही पुन्हा जागा होतो आणि आणखी थोडा पुढे सरकतो. आणि सांताच्या अंगरख्यात सावली नेमकी कुठे पडते? झालरीच्या लगेच खाली. सगळ्यात गडद लाल, सगळ्यात जास्त ओल, आणि शेजारी सगळ्यात पांढरी जागा. या चित्राची खरी अडचण हीच.

म्हणून मी क्रम उलटा केला. झालरीखालची गडद पट्टी आर२९ ने सगळ्यात आधी, कागद अगदी कोरडा असताना, मार्करच्या ब्रशसारख्या टोकाने झालरीकडून बाहेरच्या दिशेने झटकत. झटका झालरीपासून दूर जातो, म्हणून टोक झालरीपाशी रेंगाळत नाही, आणि उचललं जाताना रेघ निमुळती होते. सुरुवातही रेघेपासून मिलिमीटरभर सोडून. मग दोन-तीन मिनिटं विश्रांती. त्यानंतर आर२७ त्या पट्टीच्या खालच्या, निमुळत्या टोकांवरून, आणि आर२४ उरलेल्या भागात. पुन्हा मागे जाऊन मिसळायचं ते फक्त अंगरख्याच्या मध्यावर. झालरीलगतच्या पट्टीला दुसऱ्यांदा ओला मार्कर लावायचा नाही. मिसळणी तिथे किंचित कमी गुळगुळीत होते हे खरं. कपड्याच्या चुण्या म्हणून ती शोभतेही.

गुन्हेगार राखाडी निघाला

एवढं सगळं करूनही माझ्याकडे फुटायचं. कमी, पण फुटायचं. मी पुन्हा कागदावर संशय घेत बसले होते तेव्हा धाकट्या बहिणीने तिची सहा कार्डं समोर ठेवली. तोच शिक्का, तोच कागद, माझेच मार्कर. सहाच्या सहा झालरी पांढऱ्या.

"तू काय वेगळं केलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही, ताई. उलट तू झालरीला ती राखाडी सावली देतेस ना, ती मला जमत नाही म्हणून मी दिलीच नाही."

मी दोन्ही कार्डं खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरली. माझ्या कार्डावर गुलाबी धुकं सगळीकडे सारखं नव्हतं. जिथे जिथे मी राखाडी सावलीचा फटकारा दिला होता, बरोबर तिथे तिथे होतं. झालरीच्या वरच्या कडेला, जिथे सावली नव्हती, तिथे अंगरखा लागून असूनही पांढरं पांढरंच होतं.

लाल रंगवून झाल्यावर, शेवटची सफाई म्हणून, मी सी१ या फिक्या राखाडी मार्करने झालरीला गोलाई देत असे. फिका मार्कर म्हणजे जास्त द्रावण आणि कमी रंग. ती ओल काळ्या रेघेपर्यंत पोहोचली की पलीकडचा वाळलेला लाल विरघळायचा आणि ओल जिथून आली तिकडे, म्हणजे झालरीत, ओढला जायचा. लाल मार्करने कधी रेघ ओलांडलीच नव्हती. मीच पलीकडून दार उघडत होते.

खात्री करायला दोन तुकडे घेतले. एकावर लाल आधी, राखाडी नंतर. दुसऱ्यावर राखाडी आधी, ती पूर्ण वाळल्यावर लाल. पहिल्यावर दहा मिनिटांत गुलाबी कड आली. दुसऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तुमच्याकडेही ही परीक्षा करून बघा, दोन तुकडे आणि पाव तास एवढंच लागतं.

तेव्हापासून पांढऱ्याची सावली सगळ्यात आधी. बर्फ असो, झालर असो, दाढी असो. आणि ती सावली झालरीच्या मध्यावर ठेवायची, लालाला लागून असलेल्या रेघेपर्यंत न्यायचीच नाही. सी१ ऐवजी बी००० सारखा अगदी फिका निळा घेतला तर पांढरं अधिक थंड, बर्फासारखं दिसतं, नियम तोच. चेहऱ्याचा रंग, गालांची लाली, पट्ट्याचा काळा, यांतला लालाशेजारचा प्रत्येक रंग आधी आणि लाल शेवटी. लाल एकदा लागला की त्याच्या आसपास कुठलाच ओला मार्कर फिरकू द्यायचा नाही.

बोटाला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही, हेही लक्षात ठेवा. वरचं अल्कोहोल काही सेकंदांत उडतं, कागदाच्या पोटातलं मागे राहतं. ओला रंग गडद दिसतो आणि वाळताना उजळतो. उजळायचा थांबला की मग पुढचा रंग.

फुटून गेलंच असेल तर

रंगहीन ब्लेंडर, म्हणजे रंगाशिवाय नुसतं द्रावण भरलेला मार्कर, कॉपिकचा शून्य नंबरचा, खोडरबर नाही. तो रंग नाहीसा करत नाही, फक्त ढकलतो. हलक्या पिवळ्या-निळ्या डागांवर तो कमाल करतो. लालाच्या बाबतीत जरा जपून, कारण लाल कागदाला घट्ट धरतो आणि फिकी गुलाबी छटा मागे ठेवतोच. तरी करायचं असेल तर असं करा: चित्राखाली टिश्यूची घडी ठेवा म्हणजे रंगाला खाली जायला वाट मिळेल. ब्लेंडरचं टोक डागाच्या पांढऱ्या बाजूला टेकवा आणि लालाच्या दिशेने छोटे स्पर्श करत जा. लालाच्या बाजूने सुरुवात केलीत तर आणखी लाल ओढून आणाल. प्रत्येक फेरीनंतर पूर्ण वाळू द्या आणि ब्लेंडरचं टोक टाकाऊ कागदावर घासून स्वच्छ करा. दोन-तीन फेऱ्यांत जेवढं जाईल तेवढंच जातं. पुढे रेटलंत तर डागाभोवती नवं वलय तयार होतं.

माझा स्वतःचा भर पांढऱ्या जेल पेनावर. सगळं वाळल्यावर, म्हणजे खरंच दुसऱ्या दिवशी, झालरीवर पांढऱ्या जेलचे बारीक, दाट ठिपके आणि छोट्या वळ्या द्यायच्या. लोकरीसारखा पोत येतो आणि खालचं गुलाबी झाकलं जातं. एका थराने गुलाबी डोकावलं तर वाळल्यावर दुसरा थर. युनि-बॉल सिग्नोचा पांढरा यासाठी चांगला आहे. जेलवर नंतर मार्कर नेऊ नका. जेल विस्कटतं आणि मार्करचं टोक भरून बसतं.

डाग चित्राबाहेर, मोकळ्या जागेत गेला असेल तर सोपं आहे. आकृती कडेने कापून घ्या आणि नव्या पार्श्वभूमीवर फोमच्या तुकड्यांनी किंचित उचलून चिकटवा. झालर फारच बिघडली असेल तर त्याच शिक्क्याने दुसरा ठसा उमटवा, फक्त झालर कापा आणि बिघडलेल्या झालरीवर चिकटवा. कापायला बारीक टोकाच्या कात्रीचं काम आहे, पण कार्ड आधीपेक्षा देखणं होतं आणि हाताला उठावदार लागतं.

गडद पार्श्वभूमीने डाग झाकायचा विचार मात्र पुन्हा करा. ही शाई पारदर्शक आहे. गुलाबी डागावर निळं आकाश दिलंत तर तेवढाच तुकडा जांभळा दिसेल.

शेजारचे काही त्रास

ख्रिसमसच्या सजावटीत असणाऱ्या होली या झाडाच्या हिरव्या पानांत लाल फळं रंगवताना मधे मळकट तपकिरी येतो, त्याचंही मूळ हेच. लाल आणि हिरवा एकमेकांचे विरोधी, आणि दोन्ही पारदर्शक, म्हणून जिथे भेटतील तिथे चिखल. पानं आधी, फळाभोवती बारीक फट ठेवून. ती वाळल्यावर फळं, तीही आतूनच. फळावरचा चमकता ठिपका कागदाचाच राखला तर उत्तम.

फिका मार्कर गडद रंगावरून गेला की त्याच्या टोकाला तो रंग चिकटतो आणि पुढच्या कार्डावर उतरतो. घासून स्वच्छ रेघ येईपर्यंत टाकाऊ कागदावर चालवा. मी चुकून आर२९ लागलेला सी१ तसाच झालरीवर नेला होता. ते गुलाबी फुटल्याचं समजून मी कागदाला दोष दिला होता.

मोठ्या आकाशात पट्टे उमटतात कारण एक रेघ वाळल्यावर दुसरी पडते. तिथे गरज नेमकी उलटी, ओल टिकवायची: रुंद टोक, लहान लहान भाग, कड ओली असतानाच पुढचा फटकारा, आणि डोक्यावरचा पंखा बंद. खिडकी मात्र उघडी ठेवा, अल्कोहोलची वाफ बंद खोलीत साठू देऊ नये. आणि टेबलावर पेटती मेणबत्ती नको. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवा, नाहीतर वरचं टोक कोरडं आणि खालचं चिंब, आणि ते चिंब टोक उघडताच पहिला स्पर्श ठिपक्यासारखा फुटतो.

डझनभर कार्डं एकदम

एक एक कार्ड पूर्ण करत गेलं की थांबायला सवड मिळत नाही, आणि हा सगळा इलाज थांबण्यावरच उभा आहे. म्हणून मी आता बारा चित्रं एका ओळीत मांडते. आधी बाराही झालरींची, दाढ्यांची सावली. बारावी होईपर्यंत पहिली कधीच वाळलेली असते. मग बारा चेहरे. मग बूट आणि पट्टे. मग आर२९ च्या पट्ट्या बाराही सांतांना, मग आर२७, मग आर२४. मार्कर सारखे उघड-बंद करावे लागत नाहीत, टोकांवर दुसरे रंग लागत नाहीत आणि घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही.

पहिलं छापील ख्रिसमस कार्ड मानतात तेही असंच तयार झालं होतं. १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून ते काढून घेतलं, रेषाचित्र दगडावरून छापलं आणि रंग हाताने भरला. छापलेल्या रेघेत एकामागून एक रंग भरत जाणारं ते टेबल मी बारा कार्डं मांडते तेव्हा हमखास डोळ्यांसमोर येतं.

लाल संपला की चित्रं रात्रभर तशीच उघडी ठेवते, एकावर एक रचत नाही. जेल पेन, चकाकी, कापणं आणि चिकटवणं सकाळी. चिकटवायला दुहेरी टेप किंवा फोम बरा. पातळ गोंद कागद ओला करून त्याला फुगवटा आणतो. आणि शेवटचं म्हणजे, त्या बाराबरोबर एक तेरावा ठसा मी नेहमी जास्तीचा उमटवून ठेवते, न रंगवता. एखाद्या झालरीत गुलाबी डोकावलंच तर नवी झालर त्यातून कापता येते.